अंथरुणाला खिळलेल्या आईची काळजी आणि पूर्णवेळ नोकरी एकत्र कशी जमवावी?

पक्षाघातानंतर आई अंथरुणावर, दिवसा मदतनीस ताई असूनही ऑफिसात सारखे फोन, म्हणून राजीनाम्याचा विचार, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते इथे तासांपेक्षा हे अवेळचे फोन जास्त नडतात, आणि ते येतात कारण सगळ्या सूचना फक्त तुमच्या डोक्यात आहेत. त्या कागदावर उतरवून पलंगाशेजारी लावा.

कूस साधारण दर 2 तासांनी बदलायची. कोणती आणि किती वाजता, ते वहीत लिहायचं. नाहीतर पुढचा माणूस अंदाजाने वागतो आणि एकाच बाजूवर भार पडत राहतो. पोटऱ्यांखाली उशी अशी द्यायची की टाचा गादीला टेकणार नाहीत. लाल झालेली त्वचा बोटाने दाबल्यावर फिकी पडत नसेल तर ती बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. तिथे चोळायचं नाही, त्या बाजूवर झोपवायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. भरवताना ताठ बसवायचं आणि नंतर निदान अर्धा तास तसंच ठेवायचं. ठसका लागला की घास थांबवायचा. गोळ्यांची आठवड्याची कप्प्यांची डबी तुम्हीच भरा. डोस चुकला तर काय करायचं ते प्रत्येक औषधासाठी डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवा. श्वास लागला, शुद्ध हरपली किंवा बोलणं अचानक अडखळलं तर आधी रुग्णवाहिका, मग तुम्हाला फोन. बाकी सगळं दुपारच्या ठरलेल्या फोनवर.

साहेबांकडे जाताना ‘जरा समजून घ्या’ एवढंच म्हणू नका, त्यातून काही ठरत नाही. कोणत्या दिवशी घरून काम, कोणता अर्धा तास तुम्ही ऑफिसच्या फोनवर नसाल, तेव्हा तुमचं काम कोण बघेल, हे ईमेलवर मांडा आणि 6 आठवड्यांनी आढावा घेऊ असं सुचवा. मुदत असली की होकार मिळणं सोपं जातं.

भावंडांना ‘मदत कर’ म्हटलं की पुन्हा सांगत बसणं तुमच्याकडेच येतं. अख्खं काम द्या: औषधं संपण्याआधी आणणं एकाचं, तपासणीची वेळ घेऊन आईला नेणं दुसऱ्याचं.

रात्रीची कूस मात्र एकट्यावर घेऊ नका. सलग झोपमोड झाली की कामावरही चुका होतात आणि आईला उचलताना तोलही जातो. पाळी लावा, आणि हवा भरणाऱ्या गादीमुळे रात्रीचं अंतर वाढवता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. रात्रीला कुणीच मिळत नसेल, तर राजीनाम्याआधी कमी तासांची किंवा बिनपगारी रजेची मागणी लेखी करा.