कोणी नसताना लागणारा दिवा आणि स्टीलची वाटी

तुमची पोस्ट वाचता वाचता माझा चहा निवला. अंगणात कोणी नाही, मांजर नाही, कुत्रं नाही, तरी रात्रभर दिवा लागतो आणि विझतो. एचसी-एसआर५०१ (माणसाच्या अंगातून निघणाऱ्या अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, किरणांवरून हालचाल ओळखणारा) सेन्सर तीनदा बदलून झाला. नोडएमसीयू (वायफायवाला छोटा बोर्ड), रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर दिवा चालू-बंद करणारा स्विच), सेन्सर सगळं एकाच डब्यात, आणि हालचाल दिसली की मोबाईलवर मेसेज. शेवटी तुम्ही लिहिलंय, "सेन्सरवर स्टीलची वाटी झाकली की सगळं शांत होतं, म्हणजे कुठूनतरी उष्णता येतेय हे नक्की. पत्र्याची असेल का?"

त्या वाटीवर विश्वास ठेवू नका. ह्याच वाटीने माझे दोन महिने खाल्ले.

आधी सांगून टाकतो, मी इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालो आणि हा नाद लागला. त्यामुळे खाली काही चुकलं असेल तर जाणकारांनी कान धरावा. पण तुम्ही ज्या खड्ड्यात उभे आहात त्याची खोली मला पक्की माहीत आहे. सेन्सरच्या तीन पिना, जोडणी वगैरे तुम्हाला येतंच आहे, ते सोडून देतो.

माझी मांडणी अगदी तुमच्यासारखी. बार्शीचं घर, मागे न्हाणीघर, वर पत्रे, आणि दरवाजावर स्विचबोर्डाच्या प्लास्टिक डब्यात सगळा संसार. सेन्सर आणि नोडएमसीयू यांच्यात अंगठ्याएवढं अंतर. पहिल्याच रात्री दिव्याने उच्छाद मांडला. मी सेन्सर वायरींसकट डब्याबाहेर काढला, टेबलावर ठेवला, त्यावर वाटी पालथी घातली. चिडीचूप. वाटी काढली की पुन्हा सुरू. पाच-सहा वेळा करून पाहिलं. आता तुम्हीच सांगा, माणसाने दुसरा काय निष्कर्ष काढायचा? म्हटलं, हा काहीतरी बघतोय.

मग मी त्या 'काहीतरी'च्या मागे लागलो. रात्री उशिरापर्यंत गरम राहणारा पत्रा. टाकीतून येणारा गरम पाइप. भिंतीवरची पाल. (पालीचं अंग भिंतीइतकंच गार-गरम असतं, म्हणून लांबची पाल त्याला सहसा दिसत नाही; पण लेन्सवरून चालत गेली तर मात्र दिवा लागू शकतो, हे तेव्हा शिकलो.) पीव्हीसी पाइप कापून सेन्सरला टोपी केली. शेजाऱ्यांच्या एसीचं बाहेरचं युनिट आमच्या भिंतीकडे तोंड करून होतं, ते वळवून घ्या म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी वळवलं, खर्च त्यांनीच केला, आणि त्यानंतर आमच्याकडे येणं कमी केलं. दिवा तसाच लागत राहिला.

मग डोक्यात आलं की सिग्नलच ऑसिलोस्कोपवर (सिग्नलची रेषा पडद्यावर काढणाऱ्या यंत्रावर) बघावा. एका शिक्षणसंस्थेत तो आहे असं कळलं. नाव घेत नाही. पहिल्या खेपेला सांगितलं, अर्ज आणा. दुसऱ्या खेपेला म्हणाले, अर्जावर कुणाची तरी शिफारस हवी. तिसऱ्यांदा गेलो तर साहेब रजेवर आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे. धूळ खात पडलेलं ते यंत्र मला काचेतून दिसत होतं हो! चौथ्या खेपेला अर्धा तास मिळाला. तिथल्या मुलाने बिचाऱ्याने मनापासून मदत केली. सेन्सर तिथल्या पॉवर सप्लायला जोडला, प्रोब लावला. रेषा सरळ, स्वच्छ. हात हलवला की लाट, थांबला की पुन्हा सरळ. तो म्हणाला, "काका, सेन्सर एकदम ओके आहे." मी खूश होऊन घरी आलो आणि पुन्हा पत्र्याखाली थर्मामीटर घेऊन बसलो.

इथे माझी खरी चूक झाली. त्या टेबलावर उत्तर समोर होतं. नोडएमसीयू मी घरीच ठेवून गेलो होतो. सेन्सर एकटा असताना शहाणा वागतो, हे मला दिसलं आणि मी त्याचा अर्थ 'सेन्सर चांगला, म्हणून घरात उष्णता आहे' असा लावला. 'सेन्सर चांगला, म्हणून त्याचा सोबती वाईट' हे सुचलं नाही.

सुटका झाली ती पुतण्यामुळे. त्याला कॉलेजच्या प्रोजेक्टला नोडएमसीयू हवा होता, बाजारातून आणायला वेळ नव्हता, तो माझा काढून घेऊन गेला. दिवा तरी चालावा म्हणून मी जुना अर्डुइनो ऊनो (वायफाय नसलेला बोर्ड) जोडला. मेसेज नाही, वायफाय नाही, नुसता दिवा. चार रात्री एकदाही विनाकारण लागला नाही.

मग जुनी नोंदवही उघडली. माझा नोडएमसीयू दर ३० सेकंदांनी 'मी जिवंत आहे' असा निरोप राउटरला पाठवायचा, ते मीच लिहिलं होतं. खोट्या हालचालींच्या वेळा एकमेकांतून वजा केल्या : ३०, ३०, ६०, ९०, ३०. कुठे एखादा सेकंद इकडे-तिकडे. आयुष्यभर ताळेबंद जुळवलेला माणूस मी, आणि दोन महिने एक साधी वजाबाकी केली नाही. भूत घड्याळ लावून येत नसतं.

कारण असं. सेन्सरच्या त्या छोट्या धातूच्या टोपीत पायरोइलेक्ट्रिक (उष्णता बदलली की विजेचा सिग्नल देणाऱ्या) स्फटिकाचे दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात आणि त्यांच्यामागे एक फेट, म्हणजे एका जातीचा ट्रान्झिस्टर. फेटच्या तोंडाशी रोध इतका प्रचंड असतो की तिथे जरा काही हललं तरी ते सिग्नल होतं. माणूस गेला की बाहेर येतो तो मिलिव्होल्टच्या घरातला बदल; पुढे बीआयएसएस०००१ ही चिप त्याला काही हजार पट वाढवते. आता ईएसपी८२६६ चा (नोडएमसीयूवरच्या वायफाय चिपचा) अँटेना बोटभर अंतरावर २.४ गिगाहर्ट्झवर हाका मारायला लागला की ती हाक फेट पकडतो आणि तिचा एक सावकाश उंचवटा बनून पुढे जातो. चिपला वाटतं, कोणी आलं. वर गंमत म्हणजे हालचाल दिसली की बोर्ड मेसेज पाठवतो, मेसेज पाठवला की पुन्हा हालचाल. साप स्वतःचं शेपूट खातोय.

आणि वाटी? स्टील उष्णतेचं अवरक्त अडवतं तसंच रेडिओही बऱ्यापैकी अडवतं. वाटीने दोन्ही चोर एकदम कोंडले आणि मी फक्त एकाचं नाव लिहिलं. म्हणून वाटी नको, काचेचा पेला घ्या. माणसाच्या अंगातून निघणारं अवरक्त साधारण ९-१० मायक्रोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त असतं. साधी काच ते आरपार जाऊ देत नाही. वायफाय मात्र काचेतून बिनदिक्कत जातो. जाड बुडाचा, खोलीच्या तापमानाचा पेला पालथा घाला आणि पाच मिनिटं हात लावू नका. पेल्याखालीही दिवा लागत राहिला तर उष्णतेचा विषय संपला, गडबड तुमच्याच डब्यात आहे. थांबला, तर मात्र मी चुकलो आणि तुमचा पत्रा दोषी. प्लास्टिकचा पेला चालणार नाही. सेन्सरवरची ती पांढरी लेन्स स्वतःच पॉलिथिनची आहे, त्यातून अवरक्त जातं म्हणूनच तर ती वापरतात. (यावरून आठवलं, पावसापासून वाचवायला कोणी पुढे काच किंवा अॅक्रिलिक लावत असेल तर सेन्सर आंधळा होतो. दर पावसाळ्यात कोणीतरी हे करतंच.)

उपाय म्हणाल तर सगळ्यात स्वस्त उपाय अंतर. सेन्सर डब्याबाहेर काढून हातभर लांब न्या, तिन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन. सेन्सरच्या पिनांपाशीच ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, शिवाय २२० किंवा ४७० मायक्रोफॅरडचा मोठा. मोड्यूलच्या मागच्या बाजूला पुठ्ठा ठेवून त्यावर अॅल्युमिनियमची फॉइल लावली आणि ती ग्राउंडला जोडली तर आणखी फरक पडतो. फॉइल उघड्या सोल्डरिंगला टेकली तर मात्र नवीन पोस्ट लिहावी लागेल. वायफायची ताकद कोडमधून कमी करता येते, अंगणापुरती ती पुरते. आणि निरोप पाठवल्यानंतर चार-पाच सेकंद सेन्सरचं ऐकायचंच नाही, एवढी एक ओळ घाला. एएम३१२ हा छोटा सेन्सर मला या बाबतीत कमी त्रासाचा वाटला, पण त्याचा पल्ला कमी आहे आणि माझा अनुभव दोनच नगांचा.

तुम्हाला कोणीतरी 'कोडमध्ये डिबाउन्स लावा' असं सुचवलंय. राग मानू नका, पण डिबाउन्स, म्हणजे क्षणभराची थरथर गाळणं, हा सल्ला बटणांसाठी आहे. एचसी-एसआर५०१ एकदा पेटला की आउटपुट निदान तीन सेकंद वर राहतं. त्यावर पन्नास मिलिसेकंदांची चाळणी लावून काय गाळणार?

रिलेचीही शंका राहतेच. कॉइल ७०-८० मिलिअँपिअर ओढते, मोबाईलचा स्वस्तातला चार्जर असेल तर व्होल्टेज तेवढ्यापुरतं खाली बसतं. रिले काढून फक्त एलईडी ठेवून एक रात्र बघा. आणि सेन्सरच्या टप्प्यात पिवळा बल्ब असेल तर तो विझताना निवतो, तेही त्याला हालचालीसारखंच दिसतं. दिवा सेन्सरच्या मागे हवा.

मे महिन्यात पल्ला निम्म्यावर येतो म्हणालात, तो दोष नाही. सेन्सरला उष्णता दिसत नाही, फरक दिसतो. संध्याकाळी भिंत ३६ अंशावर आणि तुमची त्वचा ३४ च्या आसपास, मग त्याने बघायचं काय? कागदावरचे सात मीटर मे महिन्यात बार्शीत मिळत नाहीत, तुमच्याकडेही नाही मिळणार. त्यातल्या त्यात जागा बदलून बघा. वाट सेन्सरच्या समोरून आडवी जायला हवी. सरळ त्याच्या अंगावर चालत येणारा माणूस त्याला सगळ्यात उशिरा दिसतो, कारण लेन्सने समोरच्या जागेचे पाडलेले पट्टे तो फारसे ओलांडतच नाही. फाटकाच्या बरोब्बर समोर सेन्सर लावायची जी पद्धत आहे ती साफ चुकीची, असं माझं ठाम मत.

एलएम३२४ (चार ऑपअॅम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारे भाग, असलेली चिप) वापरून सेन्सरचं सर्किट स्वतः करू का, असंही विचारलंय. एकदा जरूर करा, शिकण्यासाठी. दोन टप्पे शंभर-शंभर पटीचे, साधारण ०.३ ते १० हर्ट्झच्या बाहेरचं सगळं गाळायचं, आणि उरलेले दोन ऑपअॅम्प खिडकी-कंपॅरेटरला (सिग्नल ठरलेल्या हद्दीबाहेर गेला का हे बघायला). सुरू केल्यावर मिनिटभर ते वेड्यासारखं वागतं, तेवढं थांबा. मी घाबरून एक आयसी बदलला होता. पण दारावर कायमचं लावायला तयार मोड्यूलच घ्या. 

जाता जाता : एचसी-एसआर५०१ वर 'आरएल' लिहिलेली रिकामी जागा असते, तिथे एलडीआर (उजेड ओळखणारा रोध) सोल्डर केला की दिवसा तो झोपतो. २३० व्होल्टची बाजू मात्र वायरमनकडूनच करून घ्या, आणि डब्यात ती सेन्सरच्या वायरींपासून वेगळी ठेवा.

आज रात्री पेला लावा. सकाळी लॉगमधल्या वेळा इथे टाका, वजाबाकी मी करतो.