अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या: मागून अक्षरं, मागून रंग आणि ते थिनर

पारदर्शक अ‍ॅक्रिलिकला मागून (म्हणजे रंग मागच्या बाजूला, वाचायचं पुढून) अक्षरं आणि बॅकग्राउंड करण्याबद्दल फिरून फिरून तेच विचारलं जातंय, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं देतो.

घराची नेमप्लेट करतोय. आधी बॅकग्राउंड की आधी अक्षरं? (डोंबिवली)

अक्षरं आधी, बॅकग्राउंड सगळ्यात शेवटी. अक्षरात हायलाइटची रेघ असेल तर ती अक्षराच्याही आधी, सावली मात्र अक्षरानंतर.

व्हिनाइल (अक्षरं कापायचं चिकट प्लास्टिक) उलटं कापायचं म्हणजे नक्की काय? (नाशिक)

मिरर करून कापायचं आणि शीटच्या मागच्या बाजूला लावायचं. पण मिरर केलेल्या मराठीत पहिली वेलांटी की दुसरी हे डोळ्याला पटकन कळत नाही, तेव्हा प्रूफ आधी सरळ असतानाच मालकाकडून वाचून घ्या. आणि युनिकोड फॉन्टमध्ये शिरोरेखा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, वेल्ड (सगळे आकार जोडून एक) न करता फाइल प्लॉटरला, म्हणजे कापायच्या मशीनला, दिली की प्रत्येक जोडावर ब्लेड फिरतं आणि शिरोरेखा तुकड्यातुकड्यांनी निघून येते. आधी कर्व्ह (फॉन्टचे आकार करणं), मग वेल्ड, मग मिरर.

सर, रंगवायच्या आधी शीट थिनरने पुसली. दोन दिवसांनी भोकांभोवती आणि कडेला केसासारख्या चिरा आल्या. काही लावून भरता येतील का? (सातारा)

नाही. शीट बदला.

आता हे नीट वाचा. "थिनरने पुसा म्हणजे रंग धरतो" हे लोखंडी पत्र्याच्या कामातलं आहे, तिथून कोणीतरी उचललं आणि ते तसंच फिरतंय. अ‍ॅक्रिलिक लेझरने कापलं की कडेला ताण अडकून राहतो, भोक पाडलं की भोकाभोवती राहतो, दिसत काहीच नाही. त्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल, स्पिरिट यातलं काहीही लागलं की तो ताण चिरा पाडून मोकळा होतो, कधी लगेच तर कधी पाटी भिंतीवर गेल्यावर. काच पुसायचा अमोनियावाला स्प्रेसुद्धा नको. आणि लोक विसरतात की रंगातही तेच थिनर असतं, ड्युको (थिनरमध्ये पातळ करायचा लॅकर रंग) भरपूर पातळ करून एकदम ओला हात मारला तरी तेच होणार. पुसायला कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ सुती कापड, बस. त्याच शीटचा लेझरने कापलेला उरलेला तुकडा घ्या, त्याला एक भोक पाडा, तोच रंग मारा आणि दोन-तीन दिवस ठेवून बघा. गिऱ्हाईक घाई करतंय म्हणून हे टाळू नका, चिरलेली पाटी परत करून द्यायला त्याहून जास्त दिवस जातात. तो तुकडा घेऊनच पेंटच्या दुकानात जा आणि हा रंग अ‍ॅक्रिलिकला चालतो का ते विचारा. मोठ्या पाटीसाठी लेझरवाल्याकडे अ‍ॅनीलिंगची सोय आहे का बघा, शीट साधारण ८० अंशांवर काही तास ठेवून सावकाश थंड करतात, ताण उतरतो. घरच्या ओव्हनमध्ये करू नका.

मास्किंग (रंग नको तिथे चिकटवलेलं आवरण) काढताना अक्षरांच्या कडा फाटतात, काही ठिकाणी रंग आत शिरतो. (कोल्हापूर)

ही दोन वेगळी दुखणी आहेत. आत शिरतो कारण पहिला हात जाड, तो इतका झिरझिरीत हवा की पलीकडचं दिसलं पाहिजे. आणि फाटतात कारण काढायला उशीर! रंग पूर्ण कडक व्हायच्या आत मास्क मागे दुमडत सावकाश काढा, सकाळी काढू म्हणून रात्रभर ठेवू नका.

जुलैत स्प्रे केला, रंग पांढुरका धुरकट झाला. (चिपळूण)

दमट हवा. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी रंगावर बसतं. रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारं द्रव) घाला असं सांगणारे भेटतील, पण त्याने थिनर शीटवर आणखी जास्त वेळ राहतं, म्हणजे पुन्हा वरचंच संकट. उघडीप बघून करा, नाहीतर व्हिनाइल लावा.

दुकानदार म्हणतो कास्ट (साच्यात ओतून केलेली) शीट आहे, पण भाव फारच कमी. (पुणे)

तोंडी कास्टवर जाऊ नका, बिलावर लिहून मागा. लेझरवाल्याकडून कोपऱ्यात थोडं एनग्रेव्ह करून घ्या, कास्टवर पांढरं उमटतं, एक्स्ट्रुडेडवर (मशीनमधून दाबून काढलेल्या शीटवर) जवळपास पारदर्शकच राहतं. एक्स्ट्रुडेड वाईट नाही, पण थिनरने ते लवकर चिरतं आणि कास्टच्या भावाने विकणं ही सरळ फसवणूक आहे. जाडीही चारही कडांना व्हर्निअर लावून बघा, कास्टमध्ये थोडी कमीजास्त असतेच, पण सगळीकडेच पातळ असेल तर पैसे द्यायच्या आधी विचारा.

भोकं स्क्रूच्या मापाची ठेवली, उन्हात पाटी फुगली. (मडगाव)

फुगणारच. एक मीटर शीट ३० अंशांच्या फरकाला साधारण २ मिमी वाढते. भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवा, रबर वॉशर घाला, करकचून आवळू नका. मागचा रंग भिंतीला घासू नये म्हणून स्टड (पाटी भिंतीपासून थोडी लांब धरणारे खुंट) लावा. आणि पाटी रस्त्यावर, लोकांच्या डोक्यावर येणार असेल तर फिटिंगवाल्याला आधी भिंत दाखवा, मगच भोकांची मापं लेझरला पाठवा.