सगळंच कसं 'कर्कश'?

प्रश्न असा आहे: 'स्ट्रायडंट, रॉकस, श्रिल, होर्स, ग्रेटिंग. कोशात पाहावं तर प्रत्येकापुढे कर्कश, नाहीतर कर्णकटू. मग इंग्रजीला पाच शब्द हवेत कशाला?'

कोश घटकाभर मिटून ठेवा आणि आवाज कुठून निघतोय ते बघा. होर्स असतो तो घसा. रात्रभर भजनाला टिपेचा सूर लावला की सकाळी चहा मागतानाही नुसती हवा निघते, तो होर्स. दाराची बिजागरी कितीही करकरली तरी तिला होर्स म्हणत नाहीत. ग्रेटिंगचं उलटं. ग्रेट करणं म्हणजे किसणं, खरवडणं. करपलेल्या कढईच्या बुडाशी कोणी स्टीलचं उलथनं ओढलं की अंगावर शहारा येतो ना, तोच. माणसाच्या आवाजालाही ग्रेटिंग म्हणतात, पण तेव्हा तक्रार आपल्या कानांची असते; त्याचा घसा ठणठणीत असू शकतो.

श्रिलचं कोडं सोपं आहे. तिथे फक्त पट्टी बघायची: कुकरची शिट्टी. मराठीत चिरका, किनरा हे शब्द असताना 'कर्कश' का वापरतात, कळत नाही.

रॉकस मात्र मजेदार. लॅटिन 'राउकस' म्हणजे घोगरा, म्हणजे हा मुळात होर्सच्याच घरातला. कावळ्याच्या ओरडण्याला तो आजही चपखल बसतो. पण पुढे तो घशातून निघाला आणि गर्दीत शिरला. रॉकस पार्टीत कुणाचा घसा बसलेला नसतो. दंगा असतो, बेशिस्त असते आणि लोक मजेत असतात. त्यामुळे रॉकस हसण्याचं 'कर्कश हास्य' केलं की मित्रांच्या टोळक्यात एकदम चेटकीण येऊन बसते. तिथे 'भसाड्या आवाजात खिदळणं' बरं.

आता स्ट्रायडंट. लॅटिन 'स्ट्रिडेरे' म्हणजे करकरणं. रातकिडे पंखावर पंख घासून जो आवाज काढतात त्याला स्ट्रिड्युलेशन म्हणतात, आणि श्वासाची वाट अरुंद झाल्यावर श्वास घेताना येणारा आवाज म्हणजे डॉक्टरांचा स्ट्रायडर. दोन्ही एकदा ऐकू येऊन थांबत नाहीत, टोचत राहतात. म्हणूनच आपलंच म्हणणं तावातावाने रेटणाऱ्यालाही स्ट्रायडंट म्हणतात, मग त्याचा आवाज गोड का असेना.

आणि हे विशेषण, श्रिलसारखंच, बायकांच्या वाट्याला जरा जास्त येतं. ब्रिटनच्या पुढे पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर 1975मध्ये हुजूर पक्षाच्या नेत्या झाल्या. त्या दशकात त्यांनी आवाजाची पट्टी खाली आणण्यासाठी चक्क शिकवणी घेतली. आपण हसायला नको. आपल्याकडे भांडखोर बाईला 'कर्कशा' हे नाम तयार आहे, पुरुषासाठी तसं नाम शोधून दाखवा.

जाता जाता हस्की. प्रश्नात नव्हता, पण त्याचंही कोणी 'घोगरा' करतं. हस्क म्हणजे धान्याचा कोंडा, टरफल. म्हणजे कोरडेपणा इथेही आहेच. पण हस्की म्हणताना बोलणाऱ्याला तो आवाज बहुधा आवडलेला असतो, आणि घोगरा म्हटलं की आपण आल्याचा काढा करायला उठतो. मी 'किंचित बसका' लिहितो.