गिअरच्या सायकलची चेन काढून बेल्ट बसवता येतो का, की बेल्टवाली नवीनच घ्यावी?

तुम्ही विचारलंय की नाशिकमध्ये इंदिरानगरहून सातपूर एमआयडीसीत रोज हायब्रिड सायकलने जाता, फ्रेम ॲल्युमिनियमची, मागे आठ गिअर, पावसाळ्यात चेन लगेच लाल पडते, पँटच्या उजव्या पायाला ऑइल लागतं, तर चेन काढून बेल्ट टाकावा का. सरळ सांगतो, या सायकलला नका टाकू. बेल्ट चांगलाच असतो, मी स्वतः बेल्टवाली चालवतो आणि परत चेनवर जायची माझी इच्छा नाही, पण बेल्ट नंतर बसवायचा पार्ट नाहीये, तो फ्रेम घेतानाच ठरतो.

कारण असं की चेनची पिन काढली की ती उघडते, फ्रेममधून ओवायची आणि परत जोडायची. बेल्ट अखंड गोल येतो, आत कार्बन फायबरचे दोरे, बाहेरून पॉलियुरेथेन, सांधा कुठेच नाही. आता तुमच्या सायकलची मागची उजवी बाजू बघा. सीटखालून ॲक्सलपर्यंत येणारी नळी आणि पायडलपासून ॲक्सलपर्यंत जाणारी नळी मिळून बंद त्रिकोण होतो आणि चेनचा वरचा पदर त्या त्रिकोणातून जातो. अखंड बेल्ट आत घालणार कुठून? म्हणून बेल्टसाठीच बनवलेल्या फ्रेमला तिथे उघडणारा जॉइंट दिलेला असतो, बोल्ट काढला की फट पडते, बेल्ट सरकवायचा आणि परत आवळायचं. व्हीर नावाची कंपनी जोडून बसवता येणारा बेल्ट बनवते, त्याने फ्रेम कापायचं वाचतं, पण पुढच्या अडचणी तशाच राहतात.

पहिली म्हणजे डिरेलरवाले (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारे) गिअर जातात. बेल्ट एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, तो कायम सरळ रेषेत पाहिजे, पुढची पुली आणि मागची पुली एखाद मिलिमीटर जरी इकडेतिकडे झाली तरी आवाज करायला लागतो आणि कडेने झिजतो. म्हणजे एकतर सिंगल स्पीड करा नाहीतर गिअर पोटात असलेला हब (चाकाचा मधला भाग) घ्या, तो हब तुमच्या रिममध्ये नव्याने स्पोक टाकून बसवायचा. दुसरी, बेल्टला ताण लागतो आणि तुमच्या सायकलचे ड्रॉपआउट (मागचा ॲक्सल बसतो त्या खाचा) बहुतेक उभे असणार, चाक मागे ओढायला जागाच नसते, मग एक्सेन्ट्रिक बीबी (पायडलचा ॲक्सल पुढेमागे सरकवता येणारं बेअरिंग) शोधत फिरा. हे सगळं बाहेरून मागवून जो आकडा होतो तो साध्या हायब्रिडच्या किमतीच्या वर जातो.

अंबडला ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करणारे पुष्कळ आहेत आणि कोणीतरी तुम्हाला म्हणेलच की आणा, कापून जॉइंट टाकून देतो. प्लीज नका करू. सायकलचं ॲल्युमिनियम बरेचदा ६०६१ नावाचा मिश्रधातू असतं, फ्रेम वेल्ड झाली की ती कारखान्यात भट्टीत तापवून ताकद परत आणतात, तुम्ही नंतर नुसतं वेल्ड केलं तर सांध्याजवळ धातू मऊ राहतो, आणि जागा कुठली तर मागच्या चाकाशेजारची. कार्बन फ्रेमचा तर विषयच नको. स्टीलची असेल तरच बोलू.

माझ्या एका मित्राने जुन्या स्टीलच्या सायकलचं केलं ते मी जवळ उभं राहून बघितलंय. आधी मागच्या ड्रॉपआउटमध्ये डमी ॲक्सल टाकून आवळून ठेवला, म्हणजे वेल्डिंगच्या उष्णतेने फ्रेम ओढली जाणार नाही. मग उजवी वरची नळी ड्रॉपआउटच्या जरा वर कापली, दोन्ही टोकांना लेथवर केलेले स्टीलचे नर-मादी तुकडे बसवले आणि त्यातून आडवा ॲलन बोल्ट. ड्रॉपआउट आडवे होते म्हणून ताणाचा प्रश्न नव्हता. काम मस्त झालं, पण लेथवाला ओळखीचा होता आणि मित्राला स्वतःला ड्रॉइंग काढता येतं, हे विसरू नका.

अजून एक, सातपूरला मशिनरी स्पेअरच्या दुकानात टायमिंग बेल्ट स्वस्तात मिळतात आणि सीएनसीवर पुली कोणीही काढून देईल, त्यामुळे नाशिकमध्ये हा मोह होतोच. पण हिशोब करून बघा, ७० किलोचा माणूस चढावर एका पायडलवर उभा राहिला, क्रँक १७० मिमी आणि पुढची पुली ५० दात्यांची, तर बेल्टवर साधारण १४० किलोचा ओढा येतो, तोही अगदी हळू फिरत असताना. एवढ्या ओढ्यात फ्रेम थोडी जरी वाकली किंवा ताण कमी असला की बेल्ट दात्यावरून सटकतो आणि तुमचा पाय एकदम खाली जातो. गेट्स या बेल्ट बनवणाऱ्या कंपनीचा सायकलचा बेल्ट ११ मिमी पिचचा (दोन दातांमधलं अंतर) असतो, त्यांच्या सीडीएक्स मॉडेलला मधोमध खाच असते आणि पुलीच्या कण्यावर ती बसते म्हणून तो बाजूला सरकत नाही. मशीनचा ८ मिमीवाला बेल्ट दुसऱ्या कामासाठी आहे, आणि ॲक्टिव्हाचा बेल्ट तर दातांवर चालतच नाही, तो पुलीत दाबून घर्षणावर चालतो, त्याच्याशी याची तुलनाच नको.

आता बेल्टवाली मिळाली तर काय सुख आहे ते पण सांगतो. त्र्यंबकच्या बाजूचा पाऊस तुम्हाला माहितीये, लाल चिखल मडगार्डला गच्च बसतो, मी घरी येऊन पाइपने पाणी मारतो आणि झालं, ऑइल नाही, ग्रीस नाही, गंजायला लोखंड नाही. उन्हाळ्यात धूळ बसली की कधी चूं चूं करतो, तेव्हा पाणी मारायचं, फारच झालं तर सिलिकॉन स्प्रे, पण चेनचं ऑइल कधीच लावू नका. ताण बघायला गेट्सचं फोनवर ॲप आहे, बेल्टला तार छेडावी तशी टिचकी मारायची, ॲप आवाज ऐकून हर्ट्झ सांगतं. आणि बेल्ट हातात घेतला की तो मुडपायचा नाही, पिळायचा नाही, स्क्रूड्रायव्हरने उचकटून पुलीवर चढवायचा नाही, आतले कार्बनचे दोरे तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दुकानदार सवयीने चेनसारखा चढवायला जातो, तेव्हा हात धरा त्याचा.

गिअरचं म्हणाल तर तुमच्या रूटला शिमानोचा सात गिअरचा हब नेक्सस ७ पुरतो, त्याची रेंज (सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड गिअरमधला फरक) २४४ टक्के, नेक्सस ८ ची ३०७, उड्डाणपुलांवर आणि पांडवलेणीकडच्या चढाला ८ बरा वाटतो. अल्फिन ११ किंवा रोलॉफ १४ असे ११ आणि १४ गिअरचे हब ऑफिसला जायला कशाला? सिंगल स्पीड घेतलीत तर पुढे ५० आणि मागे २२ दात्यांच्या पुलीवर ७०० साइजच्या चाकाने पायडलच्या एका फेऱ्यात जवळपास ४.८ मीटर जाता, मिनिटाला ७० फेरे मारले तर ताशी २० किमीचा स्पीड, सपाटीला छान.

तोटेही आहेत. हब जड असतो, आणि बेल्टचा ताण आणि हबच्या आतले गिअर दोन्ही मिळून थोडी ताकद खातात, वेगवान ग्रुपबरोबर जाणाऱ्याला ते जाणवतं. मागचं पंक्चर झालं तर आपले रस्त्यावरचे पंक्चरवाले चाक न काढता एका बाजूने ट्यूब ओढून काढतात, त्यांना तेच करायला सांगा, हबची केबल आणि बेल्टचा ताण हलत नाही. चेन तुटली तर कुठल्याही गावात जोडून मिळते, बेल्ट तुटला तर नाही, म्हणून पंढरपूर सायकल वारीसारखं लांब जायचं असेल तर जादा बेल्ट पाकिटात आला तसाच गोल ठेवून बरोबर घ्या.

तुमचे त्रास फक्त गंज आणि पँट एवढेच असतील तर मी म्हणेन आताची हायब्रिड विकून टाका आणि हब गिअरची, चेनवाली पण पूर्ण बंद चेनकव्हर असलेली सायकल बघा. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना ते काळं पत्र्याचं कव्हर असायचं ना तेच. चेन आत कोरडी राहते, पँट स्वच्छ, आणि दुरुस्ती कोपऱ्यावरच्या दुकानात. बेल्टवाली सेकंडहँड सापडलीच तर मागच्या पुलीचे दात बघा, टोकदार झाले असतील तर पुली गेली, बेल्टच्या दातांच्या बुडाशी चीर दिसते का बघा, आणि मालकाला जादा बेल्ट आहे का विचारा, त्याचा नंबर बेल्टवरच छापलेला असतो, ११५ टी, ११८ टी असा (टी म्हणजे दात), तो फोटो काढून ठेवा कारण दुसऱ्या लांबीचा त्या फ्रेमला बसणार नाही.