बडग्या बांधण्याआधी वस्तीत बस

पोरी, बडग्या म्हणजे मारबतीच्या मिरवणुकीत निघणारा टोमणे मारणारा पुतळा; तो वस्तीसोबत बांधायचा तर पहिल्याच दिवशी चित्रं काढून नेऊ नकोस. मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारी बाईची मूर्ती, नागपुरात सगळ्यांच्या ओळखीची आहे. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते. तिथूनच सुरुवात कर. बायकांना विचार, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणताना काय न्यावं? तुंबलेली गटारं, दारू, नाग नदीचा वास, भराभर निघेल. मग खरा अवघड प्रश्न: रिकाम्या जागी काय यावं? इथे लोक गप्प होतात. होऊ दे, तू बोलू नकोस. मी घाईने बोलले होते, आणि बडग्या माझाच झाला, वस्तीचा नाही.

कामट्या, रद्दी, खळ त्यांच्याच हातात दे. दंडार, म्हणजे आपल्याकडचं लोकनाट्य, करणारा एखादा म्हातारा सापडला तर आधी त्याच्याकडे चहाला जा.