आश्वासन ‘पाळतात’ की त्याची ‘पूर्तता’ करतात?

एका वाचकांनी विचारले आहे की, निवडणुकीनंतरच्या बातम्यांत ‘सरकारने आश्वासन पाळले नाही’, ‘आश्वासनाची पूर्तता झाली नाही’, ‘वचनभंग केला’ आणि ‘शब्द फिरवला’ ही वाक्ये एकाच गोष्टीबद्दल आलटूनपालटून लिहिली जातात; त्यांपैकी बरोबर कोणते, ‘पूर्तता’ हा शब्द मुळात शुद्ध आहे का, आणि आश्वासन, वचन, हमी, वायदा हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? थोडक्यात उत्तर असे की, वचन आणि शब्द ‘पाळतात’, आश्वासनाची ‘पूर्तता’ करतात, पूर्तता हा शब्द शुद्ध आहे, आणि हे चार शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. का चालत नाहीत, हे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण महाराष्ट्राच्या २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत काय बोलले गेले आणि नंतर काय झाले, ते नेमकेपणाने मांडायला हाच भेद उपयोगी पडतो.

‘आश्वासन’ हा शब्द ‘श्वस्’ या संस्कृत धातूपासून आला आहे. श्वास, उच्छ्वास, निःश्वास आणि विश्वास हे त्याचेच भाऊबंद. घाबरलेल्या किंवा शोकाने व्याकूळ झालेल्या माणसाला पुन्हा नीट श्वास घेता यावा असे करणे, म्हणजेच धीर देणे, सांत्वन करणे, हा त्याचा मूळ अर्थ होय. आजच्या मराठीतल्या ‘आश्वासक’ या विशेषणात तो अर्थ अजून जिवंत आहे. डॉक्टरांचे बोलणे आश्वासक होते असे आपण म्हणतो, तेव्हा डॉक्टरांनी काही कबूल केले असे आपल्याला सुचवायचे नसते. ते ऐकून जिवाला बरे वाटले एवढेच सांगायचे असते. या मूळ अर्थाने पाहिले, तर आश्वासन बोलताक्षणीच सफल होते, पुढे काही करायचे उरत नाही. करण्याची कबुली हा अर्थ त्याला मागाहून चिकटलेला आहे, आणि तो पुरता मुरलेला नाही, असे मला वाटते.

एका ठिकाणी मात्र हा दुसरा अर्थ पक्का झाला आहे. सभागृहात मंत्र्याने दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी लोकसभेत १९५३ पासून एक समिती आहे, आणि आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती काम करते. शब्दांची आवड असणाऱ्याला या व्यवस्थेतील एक गोष्ट विशेष वाटावी: कोणते बोलणे आश्वासन समजायचे, याची नमुना वाक्यांची यादीच संसदेने ठरवून ठेवली आहे. ‘विषय विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालतो’ अशी आपल्याला गुळमुळीत वाटणारी वाक्येही तिच्यात आहेत, आणि लोकसभेत अशा आश्वासनाच्या पूर्ततेसाठी तीन महिन्यांची मुदत गृहीत धरतात. म्हणजे सभागृहात उच्चारलेले ‘लक्ष घालतो’ हे वाक्य नोंदवले जाते, त्याचा हिशेब मागितला जातो. आणि तोच माणूस महिनाभर आधी मैदानातल्या सभेत ‘देणार म्हणजे देणारच’ असे म्हणाला असेल, तर ते कोणत्याही समितीच्या वहीत जात नाही. शब्द तोच, ‘आश्वासन’. पण बोलण्याची जागा बदलली की त्याचे वजन बदलते.

आता क्रियापदे. ‘पाळणे’ हे संस्कृत ‘पालन’ शब्दाच्या कुळातले आहे आणि त्याचा गाभा राखणे, सांभाळणे हा आहे. गुरे पाळतात, पथ्य पाळतात, वेळ पाळतात. जे अस्तित्वात आहे आणि आपल्या हवाली झाले आहे, तेच पाळता येते. वचन तसे आहे. ‘वच्’ म्हणजे बोलणे, म्हणून वचन म्हणजे नुसते बोललेले. पण मराठी मनात वचन देणाऱ्याची पत त्यात गुंतते, आणि म्हणून वचनाला ‘जागतात’, ते ‘मोडतात’, त्याचा ‘भंग’ होतो. ‘शब्द’ तर आणखी जवळचा. तो माणूस माणसाला देतो, अनेकदा बंद खोलीत, आणि म्हणूनच तो ‘फिरवता’ येतो. २०१९ च्या निवडणुकीनंतर शिवसेना आणि भाजप यांच्यात मुख्यमंत्रिपदाच्या वाटणीवरून जो वाद झाला, तो सगळा ‘शब्द’ या एका शब्दाभोवती फिरत होता. शब्द दिला होता असे एक बाजू म्हणे, दिलाच नव्हता असे दुसरी म्हणे, आणि त्यातून युती तुटली. तिथे ‘आश्वासन दिले होते’ असे लिहिले असते, तर वादाचा जीवच हरवला असता. याउलट पूर्तता म्हणजे भरून काढणे. ‘पूर्त’ म्हणजे भरलेले, त्याला ‘ता’ प्रत्यय लागून पूर्तता होते, म्हणून ते दुहेरी भाववाचक आहे, म्हणजे आधीच भाववाचक असलेल्या ‘पूर्ती’ला पुन्हा ‘ता’ जोडला आहे, हा आक्षेप टिकत नाही. कागदपत्रांची पूर्तता, अटींची पूर्तता, तशीच आश्वासनाची पूर्तता, कारण आश्वासनाने एक जागा रिकामी ठेवलेली असते आणि ती नंतर भरायची असते. ‘पूर्ती’ही चुकीचे नाही, पण वचनपूर्ती, स्वप्नपूर्ती, इच्छापूर्ती अशा समासांत ते जितके शोभते, तितके एकटे शोभत नाही.

पक्षांनी आपल्या पुस्तिकांना दिलेली नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. ‘जाहीरनामा’ हा जुना शब्द. तो मुळात राज्यकर्त्याने रयतेला ऐकवायचा होता. १ नोव्हेंबर १८५८ चा राणीचा जाहीरनामा आपण शाळेत शिकलो. त्यातही वंश-धर्म न पाहता सरकारी नोकऱ्यांत प्रवेश देण्याचे अभिवचन होते, आणि दादाभाई नौरोजींसारख्यांना पुढे कित्येक वर्षे त्याच जाहीरनाम्यावर बोट ठेवून ती मागणी करावी लागली. आज जाहीरनामा सत्ता मागणाऱ्याचा झाला आहे. शिवसेनेने ‘वचननामा’ हे नाव वापरले, महाविकास आघाडीने २०२४ मध्ये ‘महाराष्ट्रनामा’, आणि भाजपने ‘संकल्पपत्र’. कायद्याच्या दृष्टीने या नावांनी फरक पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी, तामिळनाडूतल्या फुकट दूरचित्रवाणी संचांच्या प्रकरणात, जाहीरनाम्यातली आश्वासने म्हणजे निवडणूक कायद्यातला भ्रष्ट आचार नव्हे असा निर्णय दिला. त्याच निकालातल्या सूचनेवरून निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये आचारसंहितेत भर घातली की, आश्वासनामागचे कारण आणि त्यासाठी पैसा कसा उभा राहील याची ढोबळ कल्पना जाहीरनाम्यात असावी.

मला यात सर्वांत अधिक ‘संकल्प’ या शब्दाबद्दल बोलावेसे वाटते. पूजेला बसलेला यजमान संकल्प सोडतो तेव्हा आधी देश आणि काल उच्चारला जातो, मग त्याचे नाव आणि गोत्र, मग काय करणार ते, आणि शेवटी ‘करिष्ये’ म्हणून हातावरून पाणी सोडले जाते. ‘करिष्ये’ हे प्रथमपुरुषी, एकवचनी, भविष्यकाळी रूप आहे. मी करीन. कोण, कुठे, कधी, काय, या चारही प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय संकल्प होत नाही. आपल्या राजकीय पुस्तिकांची मराठी याच्या बरोबर उलट चालते: ‘देण्यात येईल’, ‘उभारण्यात येतील’, ‘करण्यात येईल’. कर्ता नाही, काळाची मर्यादा नाही. सभेत ‘आम्ही देणार’ असे कर्त्यासह बोललेले वाक्य छापताना ‘देण्यात येईल’ होते, आणि निकालानंतर ‘देण्याबाबत सकारात्मक विचार करण्यात येईल’ होते. प्रत्येक पायरीवर क्रियापद थोडे मागे सरकते, आणि ते सरकल्याचे वाचकाच्या लक्षात आणून देणे हे आपल्यासारख्या भाषेच्या माणसांचे काम आहे, असे मी मनापासून मानतो.

दुसरा संकल्प म्हणजे अर्थसंकल्प. २०२४ च्या नोव्हेंबरात महायुतीने लाडक्या बहिणींचे महिन्याचे १५०० रुपये २१०० करण्याचे सांगितले होते, आणि महाविकास आघाडीने महिलांना ३००० रुपये देऊ केले होते. २३ नोव्हेंबरला निकाल लागला. १० मार्च २०२५ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी सुमारे ७ लाख कोटींचा अर्थसंकल्प मांडला. त्यात लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटी होते, पण वाढीव रकमेची तरतूद नव्हती, आणि महसुली तूट ४५ हजार कोटींच्या पुढे गेली होती. हिशेब कागदावर करून पाहा. महिन्याला ६०० वाढवायचे म्हणजे एका बहिणीमागे वर्षाला ७२००, आणि बहिणी २ कोटीच धरल्या तरी १४ हजार ४०० कोटी. जाहीरनामा पाच वर्षांचा असतो, असे त्यावर सरकारकडून सांगण्यात आले. व्याकरणाच्या अंगाने ते खोटे ठरवता येत नाही, कारण ‘देण्यात येईल’ या क्रियापदात पाचही वर्षे मावतात. अर्थसंकल्पाला मराठीत ‘अंदाजपत्रक’ असाही शब्द आहे आणि महापालिकांत तो सर्रास चालतो. संकल्प आणि अंदाज यांतले अंतर याच एका कागदावर दिसते.

मागे सरकणाऱ्या भाषेचा आणखी एक नमुना जून २०१७ चा आहे. पुणतांब्यातून सुरू झालेल्या शेतकरी संपानंतर ‘सरसकट कर्जमाफीला तत्त्वतः मान्यता’ मिळाली आणि सोबत निकष आले. सरसकट म्हणजे निवड न करता सगळ्यांना एकाच मापाने, आणि निकष म्हणजे निवडीची कसोटी. हे दोन शब्द एका वाक्यात नांदू शकत नाहीत, आणि त्यांना एकत्र बसवण्याचे काम ‘तत्त्वतः’ने केले. पुढे दीड लाखाची मर्यादा ठरली. ‘कर्जमाफी’ या शब्दालाही हरकत घेतली गेली आहे आणि ती मला पटते. माफी गुन्ह्याची असते, म्हणून शेतकरी संघटनेचे शरद जोशी ‘कर्जमुक्ती’ म्हणत, आणि २०१९ च्या अखेरीस आलेल्या योजनेच्या नावात तोच शब्द घेतला गेला.

‘हमी’ मात्र या सगळ्यांहून वेगळी. हमी घेणारा चुकला, तर त्याला भरून द्यावे लागते. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ चा. काम मागणाऱ्याला काम दिले नाही, तर बेकारी भत्ता द्यायचा, असे त्यात लिहिलेले आहे. पैसा कुठून येणार याचेही उत्तर होते: १९७५ चा व्यवसाय कर याच योजनेसाठी आला, आणि पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा कापले जाणारे २०० रुपये त्याचेच आहेत. ज्यामागे असा कायदा आणि असा पैसा उभा नाही, त्याला हमी म्हणू नये. ‘गॅरंटी’ हा शब्द अलीकडे सर्व पक्षांच्या तोंडी आहे. त्यालाही मी हीच कसोटी लावतो.

राहिला ‘वायदा’. हिंदीतला ‘वादा’ आणि आपला ‘वायदा’ एकाच अरबी शब्दापासून आले. पण हिंदीत तो नुसते वचन राहिला, मराठीत त्याला तारीख चिकटली. वायदा म्हणजे ठरलेली मुदत. वायदेबाजारात माल कोणत्या तारखेला द्यायचा, ते आधी ठरते. उधारीचा वायदा असतो, तो ‘चुकतो’, ‘टळतो’, ‘वाढवून मागतात’. २०२५ च्या उन्हाळ्यात सोलापूरकडच्या आमच्या आत्याकडे गेलो होतो. ओसरीवर बसून तिने पासबुक उघडून दाखवले, दीड हजाराच्या ओळींवरून बोट फिरवले आणि म्हणाली, “एकवीसशे देनार म्हनले व्हते न्हवं लेका, मग वायदा कवाचा हाय, तेवढं सांग.” देणार की नाही, हे तिने विचारलेच नाही. तिने तारीख विचारली. पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच सातबाऱ्याची घडी होती, आणि त्यातल्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा तसाच होता. निवडणुकीत कर्जमाफी सांगितली गेली होती, ‘सातबारा कोरा’ ही घोषणा गाजली होती. आणि मार्च संपता संपता, ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा, असे अर्थमंत्र्यांनी बारामतीकडच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांना सांगितले होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपुरात शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले, आणि त्यानंतर कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत करू, असे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. शब्दार्थाच्या काटेकोरपणाने पाहिले, तर त्या दिवशी कर्जमाफीच्या आश्वासनाचा वायदा झाला, आणि त्या बातमीत ‘वायदा’ हाच शब्द योग्य होता. २१०० रुपयांना त्या उन्हाळ्यात अशी तारीख कुठेच लिहिलेली नव्हती; म्हणून आत्याला उत्तर देताना मी ‘ते आश्वासन आहे’ एवढेच म्हणालो, आणि तिने पासबुक पुन्हा सातबाऱ्याशेजारी ठेवून दिले.