आषाढात डबे रिकामे का होतात?

प्रश्न : तीन एकर कोरडवाहू वावर, केशरी रेशनकार्ड. घरात आम्ही दोघं, सासूबाई अन् दोन लेकरं. रेशनवाला म्हणतो, तुम्ही गरिबात बसत नाही. पण आषाढ लागला की डबे रिकामे. गरिबी मोजतात तरी कशी? आणि आमच्या घराला लागतं किती?
— एक वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, सरकारी दारिद्र्यरेषा घराच्या खर्चावर ठरते. गरिबी मोजण्यासाठी नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साली ग्रामीण महाराष्ट्राची रेषा माणशी महिना ९६७ रुपये निघाली, म्हणजे दिवसाला ३२. यातली गोम अशी, की दवाखान्यासाठी व्याजाने काढलेला पैसाही खर्चातच धरतात. कर्जात बुडालेलं घर कागदावर रेषेच्या वर दिसतं!

आता डब्यांचं. वावरात राबणाऱ्याला दिवसाला ४५० ग्रॅम धान्य धरा, सासूबाईंना ३००, लेकरांना अडीचशे-अडीचशे. महिन्याचे झाले ५१ किलो. डाळ सहा किलो, तेल तीन. मीठ-मिरची, साबण, वह्या, एसटी यांना रोकड लागते, आणि ती मृगापासून दसऱ्यापर्यंत घरात नसते.

डाळीचा मार्ग तुमच्याच वावरात आहे. वर्षाला ७२ किलो डाळ म्हणजे सव्वा क्विंटल तूर. कृषी केंद्राची उधारी फेडायला फेब्रुवारीत सगळी तूर विकली जाते आणि श्रावणात तीच डाळ दुकानातून महाग आणावी लागते. तेवढी राखाच. पण अख्खी तूर पोत्यात ठेवू नका. भुंग्याची अंडी शेंगेवर वावरातच पडलेली असतात, उन्हाळ्यात दाणे पोखरले जातात. दाताखाली कट्कन फुटेपर्यंत तूर वाळवा, डाळ भरडून घ्या आणि घट्ट झाकणाच्या कोठीत भरा.

कार्डाचं थोडं बारकाईने पाहा, तिथे खर्च नाही, उत्पन्न बघतात. केशरीतही दोन प्रकार आहेत. ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न ४४ हजारांपर्यंत असेल तर ‘प्राधान्य कुटुंब’ शिक्का मिळू शकतो. मग माणशी पाच किलो, म्हणजे २५ किलो धान्य फुकट. गरजेच्या निम्मंच, पण अर्ज कराच. तहसीलच्या पुरवठा शाखेत उत्पन्नाच्या दाखल्यासह द्या, पोच घ्या. गावाचा इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या, भरलेला असेल तर अर्ज पडून राहतो. मयत माणसांची आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं यादीतून कमी झाली, की जागा निघते.

शिक्का नसेल तर यवतमाळसह १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी पैसे मिळतात; २०२४ मध्ये ते माणशी महिना १७० रुपये झाले. पाच नावांचे ८५०. ते कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यावर येतात. खातं आधारला जोडलेलं नसेल तर अडकतात. आणि धाकट्या लेकराचं नाव कार्डावर चढलंय का, ते आजच बघा. जन्मदाखला आणि आधार लागतं. नाव नसेल तर दर महिन्याला १७० बुडतात.